जमिनीवरचे महाल आणि जमिनीखालचे पाणी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



यंदा नववी आणि दहावीच्या मुलामुलींची शैक्षणिक सहल दोन दिवसांकरिता छत्रपती संभाजीनगर आणि दौलताबाद येथे नेण्याचे संस्थेने योजिले आहे. ते शहर मी पायी हिंडून पाहिले आहे, एका जाणत्या गाईडबरोबर आणि नंतर एकट्यानेही. म्हणून तेथे काय पाहावयाचे, कसे पाहावयाचे आणि मुळात कशासाठी पाहावयाचे, हे सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

सहलीची सूचना घरोघर गेल्यावर पालकांकडून तीन प्रश्न आले, असे मला शिक्षकांनी सांगितले. पहिला, खर्चाचे काय? दुसरा, मुलींना इतक्या लांब कशाला न्यावयाचे? आणि तिसरा, पडके महाल आणि अंधारी भुयारे पाहून परीक्षेत गुण वाढणार आहेत काय? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. घाम गाळून पैसा मिळवणाऱ्या माणसाने हे विचारलेच पाहिजे. मी त्यांची उत्तरे देणार आहे, पण अगोदर तुम्ही माझ्याबरोबर थोडे चाला. पायाने नव्हे, मनाने. काय पाहावयाचे ते कळल्याशिवाय कशासाठी पाहावयाचे ते कळणार नाही.

या शहराने नावे पुष्कळ पाहिली. मूळचे गाव खडकी. १६१० साली मलिक अंबरने ते आपल्या राजधानीसाठी निवडले. १६२६ साली त्याच्या मुलाने, फतेहखानाने, त्याला फतेहनगर म्हटले. १६५३ साली शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्याचे औरंगाबाद झाले. २०२३ साली छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत झाले. नावे वर बदलत राहिली आणि खाली जमिनीत एक पाणी वाहत राहिले. आज मला मुख्यतः त्या पाण्याबद्दल बोलावयाचे आहे.

हा मलिक अंबर कोण? विद्यार्थी मित्रांनो, त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील हबशांच्या मुलखात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात, एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे असे करीत तो बगदादला पोचला. तेथल्या धन्याने त्याच्यातले पाणी ओळखले, त्याला लिहावयास-वाचावयास शिकवले आणि हिशेब व कारभाराची तालीम दिली. पुढे तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी राहिला. हा चंगीझखान स्वतःही एके काळचा हबशी गुलामच. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला, थोडेसे स्वार जमवून फौजेत शिरला आणि वाढत वाढत निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६०० साली अहमदनगरचा किल्ला मुघलांनी घेतला, तरी पुढली पंचवीस वर्षे या माणसाने निजामशाही जिवंत ठेवली.

पालकांनो, गुलामांच्या बाजारात विकला गेलेला एक पोर. त्याला जर कोणी अक्षर शिकवले नसते तर? या संस्थेच्या स्मरणिकेत दरवर्षी तालिमीचे महत्त्व सांगणारे लेख येतात. मला वाटते, त्या सर्व लेखांचा मजकूर या एका आयुष्यात आला आहे.

आता आपली फेरी सुरू करू. सकाळी भडकल दरवाजापाशी उभे राहावयाचे. मुघल फौजेवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरने तो १६१२ साली बांधला. येथे मुलांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुघल बादशहाही मुसलमान आणि अंबरही मुसलमान. अंबरच्या बाजूने लढणाऱ्यांत मात्र मराठे सरदार मोठ्या संख्येने होते. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीची लढाई झाली. तीत मुघल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजांचा अंबरने पाडाव केला आणि त्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी तेथेच कामी आले. इतिहास हा या धर्माविरुद्ध तो धर्म असा सरळ रेघेत चाललेला नाही, हे त्या कमानीखाली उभे राहिले की सांगावे लागत नाही.

तेथून जवळच नौखंडा. मलिक अंबरने उभारलेला आणि पुढे निजाम आसफजाह याने वाढवलेला हा महाल. नऊ खंडांचा म्हणून नौखंडा. आज जुन्या वैभवापैकी फारच थोडे शिल्लक आहे. पण माझ्या भगिनींनो, याच नौखंड्याच्या परिसरात आता मुलींचे महाविद्यालय भरते. जेथे एके काळी जनानखान्याच्या भिंती उंच होत्या, तेथे मुली वह्या-पुस्तके घेऊन पदवीच्या वर्गाला जातात. आपल्या मुलींना मी हा महाल दाखवू इच्छितो तो मुख्यतः यासाठी.

पुढे किल्ले अर्क, औरंगजेबाच्या काळातील बादशाही निवासस्थान. मर्दाना महाल, जनाना महाल, दरवाजे, बागा असा मोठा पसारा येथे होता. त्यातले बरेचसे पडले, काही झाडाझुडपांत बुडाले. परिसरात सरकारी चित्रकला महाविद्यालय आहे आणि तेथील मुले याच कमानींची चित्रे काढत शिकतात. येथे थोडा वेळ शांत उभे राहा. ज्याच्या हुकुमाने अर्धा हिंदुस्थान हालत होता त्याच्या घराचे छप्पर आज जागेवर नाही. वास्तू कितीही भक्कम बांधली तरी तिची देखभाल करणारा माणूस उठून गेला की ती उभी राहत नाही.

आणि आता जमिनीखाली जाऊ.

अंबरने राजधानीसाठी जागा निवडली ती लष्करी दृष्टीने सोयीची, पण पाण्याच्या दृष्टीने अडचणीची. खाम नदी बारमाही भरवशाची नव्हे. वस्ती वाढणार, फौज राहणार, कारागीर येणार, मग एवढ्यांना पाणी कोठून? अंबर ज्या अहमदनगरात वाढला त्या शहरात, जे आता अहिल्यानगर आहे, डोंगरपायथ्याचे पाणी खापरी नळांनी आणण्याची जुनी पद्धत होती. तेथील फराहबाग हा १५८३ सालचा अष्टकोनी महाल तर तलावाच्या मध्यावर उभा असून त्याला अशाच नळांतून पाणी येत असे. ही विद्या अंबरने डोळ्यांदेखत पाहिली होती. तिचा उपयोग त्याने खडकीत केला आणि १६१७-१८ च्या सुमारास शहरात पाणी खेळू लागले. त्या कामाला नहर-ए-अंबरी म्हणतात.

तिचे तंत्र समजून घ्या, कारण तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातलेच ते आहे. शहराच्या उत्तरेस, हर्सूलच्या अंगाला, जमीन उंच आहे. पावसाचे पाणी तेथे मुरमातून आणि कातळाच्या भेगांतून खाली मुरते. हे मुरलेले पाणी जमिनीच्या पोटातच गाठावयाचे, त्यासाठी भुयारासारखी बांधीव वाट खणावयाची आणि त्या वाटेला शहराच्या दिशेने अगदी हळुवार उतार द्यावयाचा. उतार जास्त झाला तर पाणी जोराने धावून भिंती खाते. कमी झाला तर गाळ साचून वाट बुजते. मैलोगणिक लांबीच्या वाटेला असा नेमका उतार देणे आणि तेही जमिनीखाली, दिव्याच्या उजेडात, हे किती कठीण असेल याची कल्पना करा. ठराविक अंतरावर वरून खाली विहिरीसारखी तोंडे ठेवलेली असत. त्यांतून खणलेली माती वर काढावयाची, आत हवा खेळती ठेवावयाची आणि पुढे वर्षानुवर्षे गाळ उपसावयाचा.

शहरात आल्यावर पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून वाटले जाई. वाटेत मनोऱ्यासारखे उभे चुनेगच्ची खांब दिसतात, त्यांना बंबे म्हणतात. नळातले पाणी बंब्यात वर चढते आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरते. मग पंपाशिवाय पाणी वर चढले कसे? नववीच्या मुलांनी याचे उत्तर आत्ताच द्यावे. पाणी आपली पातळी शोधते. उगम उंचावर असला की बंद नळातले पाणी जवळजवळ त्या उंचीपर्यंत चढू शकते. शिवाय बंब्यामुळे नळात अडकलेली हवा सुटते आणि दाब कमी होऊन मातीचे नळ फुटत नाहीत. वीज नाही, तेल नाही, जनावर नाही. निव्वळ उतार आणि अक्कल.

ही विद्या दख्खनपुरती नव्हती. इराणात कनात नावाने ती फार प्राचीन काळापासून आहे. बिदरला बहामनी काळातील असेच भुयारी कालवे आहेत. आणि बुऱ्हाणपूरला, आपल्या खानदेशाच्या वेशीवर, १६१५ सालचा कुंडी भंडारा आहे. सातपुड्यातून तापीकडे जाणारे पाणी जमिनीखालीच अडवून ते एकापुढे एक अशा कुंडांतून त्या शहरात आणले. तेथे आजही पाळण्यातून कुंडात खाली उतरून भुयारातून चालता येते. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत २०२४ साली त्याचा समावेश झाला. खडकी आणि बुऱ्हाणपूर ही तेव्हा एकमेकांच्या शत्रूंची ठाणी होती. एक अंबरचे, दुसरे मुघलांचे. पण दोन्हीकडे दोन-तीन वर्षांच्या अंतराने तीच विद्या कामी आली.

आता या सर्व भाषणातील माझा मुख्य मुद्दा सांगतो. १६२१ साली मुघल फौजा खडकीत घुसल्या आणि त्यांनी अंबरने उभारलेल्या नगराची नासधूस केली. घरे गेली, वाडे गेले. पण नहर जमिनीखाली होती, ती वाचली. शहर पुन्हा वसले ते त्याच पाण्यावर. ज्या मुघलांनी अंबरचे शहर मोडले, त्यांनीच पुढे तेथे आपली दख्खनची राजधानी केली आणि अंबरच्या नहरीचे पाणी पिऊन तशाच आणखी नहरी बांधल्या. महाल ज्याचा असतो त्याच्यापुरता असतो. त्याच्या दारावर पहारा असतो. नहर मात्र पाणी घ्यावयास आलेल्याला जात विचारीत नाही, धर्म विचारीत नाही आणि तू कोणाच्या बाजूचा हेही विचारीत नाही.

या नहरींपैकी एकीचे काम डोळ्यांनी पाहावयाचे तर पाणचक्कीला जावे. भडकल दरवाजापासून पायी जाण्याइतके ते अंतर आहे. बाबा शाह मुसाफिर या बुखाराकडून आलेल्या नक्शबंदी सूफींच्या दर्ग्याच्या आवारात ही अठराव्या शतकातील चक्की आहे. काही मैलांवरच्या डोंगराकडून मातीच्या नळांनी आलेले पाणी येथे उंचावर चढवून हौदात सोडले आहे. त्या पडत्या पाण्याचा जोर खाली आडव्या बसवलेल्या चाकाच्या पात्यांवर घेतात. चाक फिरले की त्याच्या कण्याबरोबर वरचे जाते फिरते. पाणी असले की चक्की फिरताना दाखवतात. येथे पूर्वी दळले जाणारे पीठ कोणासाठी होते ठाऊक आहे? दर्ग्यात राहणारे फकीर, प्रवासी आणि तेथे शिकणारे तालिबे-इल्म यांच्या भाकरीसाठी. शेजारी ग्रंथसंग्रहही होता. म्हणजे पाणी, पीठ आणि पुस्तक ही तिन्ही एका आवारात. वसतिगृह म्हणजे दुसरे काय असते?

पाणचक्कीची आणखी एक गंमत बहुतेक प्रवासी न पाहताच परततात. मशिदीपुढचा लांबलचक हौद, ज्यात कारंजी आहेत आणि ज्याच्या काठावर सगळे फोटो काढतात, त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या एका मोठ्या दालनाचे छत आहे. जाड खांबांवर तोललेले ते दालन भर उन्हाळ्यातही थंड राहावे, कारण डोक्यावर पाणी. वर उभे राहणाऱ्याला खाली खोली आहे याचा पत्ताही लागत नाही. जाणता गाईड बरोबर असेल तर तो खाली नेऊन दाखवतो. जोहरच्या नमाजाची वेळ आपण तेथेच साधणार आहोत. नमाजानंतर डबे उघडावयाचे आणि खाम नदीच्या काठचा महमूद दरवाजा पाहून बसमध्ये बसावयाचे.

दुपारी बीबी का मकबरा. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर तिचा मुलगा आजमशाह याच्या नावाशी जोडलेली आहे. तिला गरिबांचा ताजमहाल म्हणून हिणवण्याची रीत आहे, तीत पडू नये. ताजशी तुलना बाजूला ठेवून पाहिले तर ती मोठी देखणी वास्तू आहे. दोन गोष्टी मुद्दाम पाहा. मुख्य दरवाजावर कारागिरांची नावे कोरली आहेत. रचनाकार अताउल्ला आणि स्थापत्याचे काम पाहणारा हंसपतराय. बादशाही घराण्याच्या कबरीच्या दारावर ही दोन नावे शेजारी शेजारी आहेत. दुसरी गोष्ट, खरी कबर वरच्या दालनात नसून खालच्या पातळीवर आहे. वरून अष्टकोनी कठड्यातून वाकून पाहावे लागते. बेगमेच्या कबरीकडे पाहणाऱ्याची मान आपोआप खाली वाकते.

दुसऱ्या दिवशी दौलताबाद, म्हणजे यादवांची देवगिरी. येथे पायांची आणि छातीची परीक्षा आहे. चढताना वाटेत चिनी महाल लागतो. निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशांच्या नक्षीमुळे हे नाव पडले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला १६८७ साली राज्य गेल्यावर येथे कैदेत ठेवले आणि त्याचे उरलेले आयुष्य कैदेतच गेले. राजा राहतो तो महाल आणि कैदी राहतो तो तुरुंग, पण भिंती त्याच.

त्यापुढे खंदक आणि खंदकाच्या पलीकडे ती प्रसिद्ध अंधेरी. कातळ फोडून केलेली वळणावळणाची चढण. आत डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही असा काळोख, उंचसखल पायऱ्या, अचानक येणारी वळणे. गडावर चाल करून आलेल्या फौजेचा येथे कोंडमारा व्हावा हाच हेतू. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून त्यावर जाळ करावयाचा म्हणजे आतल्यांना धुराने जीव नकोसा होईल अशीही सोय होती. येथे वटवाघळे आहेत, त्यांना दिवे दाखवून आणि आरडाओरडा करून छळू नये. पायांत घट्ट बूट असावेत, चप्पल नको. विजेरी हवी. दोन-दोनची रांग करून, पुढे गाईड आणि मागे शिक्षक, असेच चढावयाचे.

एकाच सहलीत तुम्ही जमिनीखालच्या दोन वाटा पाहणार आहात. एक माणसे मारण्यासाठी खणलेली, दुसरी माणसे जगवण्यासाठी. कातळ तोच, छिन्नी तीच, कारागीरही त्याच तोडीचे. अंधेरीची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे गर्दी असते. नहरीचे नाव फारच थोड्यांना ठाऊक आहे. परत येताना खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीवर फातिहा पढावयाचा आहे. १६२६ साली तो वारला तेव्हा ऐंशीच्या घरात होता.

आता गाईडबद्दल. चांगला गाईड म्हणजे पुस्तकाला फुटलेले पाय. त्याच्यापुढे दोन हात करू नका, पण त्याला विचारा मात्र अवश्य, की साहेब, हे तुम्हांला कशावरून समजले? दरवाजावर लिहिले आहे, की जुन्या तवारिखेत आहे, की नुसते ऐकीव आहे? प्रत्येक जुन्या गावात एक भुयार सांगतात आणि ते चाळीस कोसांवरच्या किल्ल्यात निघते असेही सांगतात. त्यातून राणी पळाली, खजिना नेला, वरात गेली आणि परत आलीच नाही, असल्या कहाण्या रंगवतात. पुष्कळदा ते भुयार म्हणजे पाण्याची वाट असते. कहाणी ऐका, हसा, पण वहीत कहाणी वेगळ्या पानावर आणि पुरावा वेगळ्या पानावर लिहा. जो मुलगा ही दोन पाने वेगळी ठेवावयास शिकला, त्याला पुढे कोणी सहज फसवणार नाही. ना बाजारात, ना राजकारणात, ना मजहबच्या नावाखाली.

आता पालकांच्या तीन प्रश्नांकडे येतो.

परीक्षेतल्या गुणांचे अगोदर घेतो. मी खोटे सांगणार नाही. या सहलीने लगेच गुण वाढतील असे नाही. पण विज्ञानातला पाण्याच्या पातळीचा नियम बंब्यापाशी उभे राहून ज्याला कळला, तो त्याला परीक्षेच्या दिवशी पाठ करावा लागणार नाही. आणि गुणांच्या पलीकडेही पोटापाण्याचा प्रश्न आहे. पुराणवस्तूंचे जतन, भूजलाचा अभ्यास, स्थापत्य, दुभाष्याचे काम, गाईडचा परवाना, या सर्व वाटा आपल्या मुलांना मोकळ्या आहेत. एक गोष्ट आपल्या कधी ध्यानात येत नाही. आपल्या घरांत बोली मराठी आहे आणि आपली मुले मकतबात अरबी अक्षरे शिकतात. या वास्तूंवरचे शिलालेख फारसी-अरबीत आहेत, जुने दप्तर फारसीत आणि मोडीत आहे. अरबी अक्षरे ज्याला येतात त्याने फारसी शिकावी, मराठी ज्याला येते त्याने मोडी शिकावी. दोन्ही ज्याच्याजवळ आहेत असा विद्यार्थी महाराष्ट्राच्या इतिहासाला हवा आहे. ही पुंजी घरात असून आपण ती वापरीत नाही.

खर्चाचा प्रश्न. ज्यांना एकदम देणे जड आहे त्यांनी हप्त्याने द्यावे. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी संकोच न धरता मुख्याध्यापकांच्या कानावर घालावे. आणि ज्यांना अल्लाहने दिले आहे त्यांनी आपल्या मुलाबरोबर आणखी एका मुलाची वर्गणी भरावी, नाव न सांगता. पैशापायी एकही मूल मागे राहिले तर ती सहल संस्थेची झाली असे मी म्हणणार नाही.

आणि मुलींचा प्रश्न. मागल्या खेपेस नववीच्या वर्गातील बहुतेक मुली घरून संमतिपत्र न आल्यामुळे मागे राहिल्या. त्यांपैकी काहींचे इतिहासात वर्गात सर्वांत जास्त गुण होते. पालकांनो, तुमची काळजी मी जाणतो, मीही मुलीचा बाप आहे. म्हणून व्यवस्था ऐका. बरोबर शिक्षिका असतील, दोन मातांनी येण्याचे कबूल केले आहे, मुलींची राहण्याची सोय वेगळी आहे, अंधेरीत ज्या मुलीला भीती वाटेल तिला खाली शिक्षिकेजवळ बसता येईल. यापेक्षा आणखी काही हवे असेल तर सांगा, ते करू. पण नको म्हणू नका. अंबरला कोणी शिकवले म्हणून शहराला पाणी मिळाले. आपल्या घरातली कोणती मुलगी उद्या कोठल्या गावाला पाणी आणील, हे आज तिला दारातच अडवून आपल्याला कसे कळणार?

शेवटी एक दुःखाची गोष्ट सांगणे भाग आहे. चारशे वर्षे जिने शहर जगवले ती नहर आमच्या हयातीत ठिकठिकाणी फुटली. कोठे घराच्या पायाने, कोठे रस्त्याच्या खोदकामाने, कोठे तिच्यात सांडपाणी सोडल्याने. शत्रूच्या फौजेला जी सापडली नाही ती शेजाऱ्यांच्या बेपर्वाईला सापडली. हे करणारे कोणी दुष्ट नव्हेत. आपल्या पायाखाली काय आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते, कोणी दाखवलेच नव्हते. म्हणून मुलांनो, तुम्ही पाहून या, वहीत नकाशा काढा, भिंतीवर नावे कोरू नका आणि परत आल्यावर आपल्या गावची जुनी विहीर, हौद, बारव कोठे आहे ते शोधा. पुढल्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यांवर तुमचे लेख यावेत, अशी मी संपादकांना आताच विनंती करून ठेवतो.

संमतिपत्रे दाराशी टेबलावर ठेवली आहेत. जाताना घेऊन जा आणि येत्या शनिवारपर्यंत सही करून पाठवा. मुलांची आणि मुलींची, दोघांचीही.